वलवणच्या पाळणाघरातली शांतता

१२ जून १९३८, लोणावळा

अफू-निवारण महिला मंडळाची चिटणीस म्हणून आज माझी निवड झाली. विरोध झाला नाही, कारण लिहिण्याचं काम दुसऱ्या कुणालाच नको होतं. अध्यक्ष रतनबाई. त्या मुंबईच्या, इथं त्यांचा बंगला आहे. माझ्या अक्षराचं त्यांनी फार कौतुक केलं.

मी यात पडले ते अक्षरासाठी नाही. दोन वर्षांपूर्वी लावणीच्या दिवसांत वलवणला एका बांधावर इरल्याखाली तान्हं मूल निजवलेलं पाहिलं. ठाकरवाडीतल्या हिरीचं. सकाळी अफूची गोळी चाटवून ती चिखलात उतरली होती. सगळ्याच बायका तसं करतात, नाहीतर हात मोकळे कसे होणार? दुपारी ती पाजायला आली तेव्हा मूल उठलं नाही. तरी ती त्याला पदराखाली घेऊन बसून राहिली. ते आठवलं की मला आजही जेवण जात नाही.

हे म्हणाले, "मंडळ झालं, चिटणीस झाली. आता अफूनं बिस्तरा गुंडाळायला हरकत नाही." हे रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून आहेत. प्रत्येक गोष्ट वजनकाट्यावर ठेवून पाहिल्याशिवाय ह्यांना चैन पडत नाही.

२६ जून

सरकारला अर्ज धाडला. चार कलमं. एक, अफूचं दुकान बंद करावं. दोन, जे जुने व्यसनी आहेत त्यांची तालुक्याला नोंद व्हावी आणि डॉक्टरांचा दाखला व आमच्या मंडळाच्या चिटणिसाची शिफारस असेल त्यालाच मोजकी अफू मिळावी. तीन, नोंद झालेल्यांची नावं चावडीवर लावावीत, म्हणजे लाजेनं तरी सुटेल. चार, बारा वर्षांखालच्या मुलांना औषध म्हणूनसुद्धा अफू देऊ नये. तिसरं आणि चौथं कलम माझं. रतनबाई म्हणाल्या, "मुक्ताबाई, तुम्ही तर वकील व्हायला हवं होतं."

३ जुलै

पाळणाघर उघडलं. वलवणच्या चावडीची मागची खोली मिळाली. वाशांना सात झोळ्या बांधल्या. सहा मुलं लावणीला जाणाऱ्या बायकांची, सातवी आमची इंदू, नऊ महिन्यांची. आपलं मूल घरात ठेवून लोकांच्या मुलांवर प्रयोग करणं मला पटत नाही.

हिरी आपल्या बहिरूला घेऊन आली. चार महिन्यांचा आहे. तो झाल्यापासून तिनं घरात अफूचा कणही येऊ दिलेला नाही. झोळीपाशी येऊन थांबली आणि म्हणाली, "हितं आफू न्हाई ना, बाई?"

मी म्हटलं, "इथं तिचं नावसुद्धा कुणी घेणार नाही."

तेव्हा तिनं पोर माझ्या हातात दिलं.

पुढे सातही मुलं संध्याकाळपर्यंत रडली. मी प्रत्येक झोळीला आळीपाळीनं झोका दिला. एक गप्प झालं की दुसरं सुरू होई आणि त्यानं पहिलं उठे. ट्रेनिंग कॉलेजात बालसंगोपनात मला सत्तर मार्क होते. ती मुलं कुठली होती कोण जाणे.

५ जुलै

झुंबरबाईंना कामावर घेतलं. गावातल्याच आहेत, वय साठीच्या आसपास, नऊ बाळंतपणं झालेली. पोरं पाहून म्हणाल्या, "तुमी बाहेर बसा, बाई. माज्या हाती द्या."

रतनबाई सतराला पाहुणे घेऊन येणार आहेत. म्हणून मी झुंबरबाईंना दोनच हुकूम दिले आणि ते जसेच्या तसे इथं लिहून ठेवते. काहीही करा, पण मुलं गप्प राहिली पाहिजेत. आणि माझ्या मुलीत व बाकीच्या मुलांत तसूभर भेद करायचा नाही. केलात तर मला दुसरी बाई बघावी लागेल.

त्यांनी इंदूच्या झोळीकडे पाहिलं. "तुमच्या लेकीतबी न्हाई? तसूभर?"

"तसूभर नाही."

"बरं," म्हणाल्या.

गरिबांना समानतेची सवय नसते. त्यांना ती शिकवावी लागते.

७ जुलै

यश आलं. मी वेळापत्रक करून भिंतीला लावलं आहे. आठला अंग पुसणं, नऊला दूध, साडेनऊला गाणं, मग झोप. आज पावणेदहाला सातही मुलं झोपली ती दीडला बायका पाजायला आल्या तेव्हाच जरा हलली. बहिरूला तर पाजण्यासाठी जागं करावं लागलं. हिरी खूश होती. म्हणाली, "घरी असा कदी निजत न्हाई."

झुंबरबाईंचीही मदत होते, नाही म्हणणार नाही. गाण्यानंतर त्या प्रत्येकाला करंगळी चोखायला देतात. मूल दोन-चार मिनिटं चोखतं आणि डोळे मिटतं. तरी मुख्य श्रेय वेळापत्रकाचं आहे असं माझं मत.

११ जुलै

झुंबरबाई अंगानं स्वच्छ, पण त्या करंगळीचं नख लांब आणि आतून काळं असतं. आज माझ्या लक्षात आलं. किती रोग नखातून जातात. मी कात्री घेऊन समोर बसवून दहाही नखं कापली आणि साबणानं हात धुवायला लावले. त्या "आवो बाई, आवो बाई" करत होत्या. मी ऐकलं नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

१२ जुलै

काय झालं कळत नाही. करंगळी दिली, गाणं झालं, तरी एकही मूल झोपेना. इंदूनं तर मला ओरबाडलं. बहुधा हवा पालटली आहे, सकाळपासून धुकं उतरलं होतं. झुंबरबाई म्हणाल्या, "उद्या गुटी उगाळते."

मी गुटीची चौकशी केली. मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड, "आनि आपलं एक घरगुती." आपल्या जुन्या बायकांच्या औषधांना नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. सहाण नीट धुवून घ्या एवढंच सांगितलं.

१३ जुलै

गुटी लागू पडली. पुन्हा पूर्ण शांतता. वेळापत्रकात सव्वानऊला गुटी असं लिहून घेतलं.

१७ जुलै

आजचा दिवस आयुष्यभर लक्षात राहील. रतनबाई अबकारी खात्याच्या एका बड्या अधिकाऱ्याला घेऊन आल्या. चावडीच्या दारात बूट वाजले, कुणी मोठ्यानं शिंकलं, छत्र्या झटकल्या, तरी सातांपैकी एकानंही डोळा उघडला नाही. साहेब म्हणाले, "अफू सुटलेली मुलं इतकी शांत झोपतात?" मी म्हटलं, "अफू सुटल्यामुळेच." त्यांनी ते वाक्य वहीत टिपून घेतलं.

झुंबरबाई कोपऱ्यात सहाण धूत होत्या. कौतुकाला त्या नेहमीच लाजतात.

२४ जुलै

मंडळासमोर 'व्यसन म्हणजे मनाचा दुबळेपणा' यावर बोलले. घरी आल्यावर ह्यांनी मला कपात चहा दिला आणि विचारलं, "हा सोडून दाखवतेस का? आठ दिवस." मी लगेच कबूल झाले.

२६ जुलै

चहा पुन्हा सुरू केला. डोकं इतकं दुखत होतं की झुंबरबाईंवर दोनदा उगाच ओरडले. आणि चहा हे व्यसन नव्हे, इथल्या दमट हवेत ती गरज आहे. ह्यांना हे पटवून दिलं. हे ऐकत होते आणि हसत होते.

४ ऑगस्ट

अर्जातली चारही कलमं मंजूर. हुकमात आमच्या पाळणाघराचा उल्लेख आहे. मुलं अफूशिवाय अधिक शांत राहतात असं प्रत्यक्ष पाहणीत आढळलं, असं त्यात लिहिलं आहे. माझं वाक्य सरकारी कागदावर वाचताना मला गहिवरून आलं.

१६ ऑगस्ट

लोणावळ्याचं दुकान आज बंद झालं. दारावर लाखेची मोहोर लावली. मी बोलले, टाळ्या पडल्या. झुंबरबाई मात्र हात पदराखाली घेऊन उभ्या होत्या. परतताना म्हणाल्या, "बाई, आता पोरांचं?"

मी म्हटलं, "पोरांचं काय? पोरं तर आधीच सुटली आहेत."



२० ऑगस्ट

कालपासून मुलं वेड लागल्यासारखी रडतात. लावणी संपली, आता तण काढायची बेणणी चालू आहे, बायका अजून शेतावर आहेत. सगळ्यांच्या नाकाडोळ्यांना पाणी, शिंका, जुलाब. इंदू जांभया देते पण झोपत नाही. अंगावर घेतलं तर तोंड फिरवते. हे म्हणाले, "दात येत असतील." सातही जणांना एकाच दिवशी?

२२ ऑगस्ट

बहिरू कालपासून धड पीत नाही. हिरी कामावर गेली नाही. चावडीच्या पायरीवर त्याला घेऊन बसली होती. म्हणाली, "ह्याला दिष्ट लागली. लय गुणाचा निजत व्हता, लोकांनी लय बघितलं." त्याची टाळू खोल गेली आहे. मला त्याच्याकडे बघवेना. पदराखाली धरलेलं ते बांधावरचं मूल डोळ्यांपुढे येत राहिलं. इंदूचे हात थरथरतात. मी घाबरले आहे.

२३ ऑगस्ट

आज झुंबरबाईंनी मला खोलीचं दार लावायला सांगितलं. म्हणाल्या, "बाई, माज्याजवळची संपली. दुकान बंद, कुटनं आनू?"

मी विचारलं, "काय संपली?"

त्यांनी गुटीची सहाण पुढे ठेवली.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. शेवटी म्हटलं, "ह्या क्षणी निघून जा." त्या उठल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमीच म्हनालता, कायबी करा पन पोरं गप ऱ्हायली पायजेत. सात पोरं, एक म्हातारी. गानं म्हनून निजतात व्हय? आनि तुमच्या लेकीला म्या देनार नव्हते. पैल्या दिवशी दिलीबी न्हाई. पन तुमी म्हनाला, तसूभर भेद नगं."

मी ही वही उघडून पाहिली. तसंच लिहिलं आहे. माझ्याच अक्षरात, जसंच्या तसं.

त्यांना जाऊ दिलं नाही. कोणतं मूल किती घेत होतं हे फक्त त्यांना माहीत आहे.

२४ ऑगस्ट

डॉक्टरांना खरं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे न बघता इंदूला तपासलं, मग बहिरूला. म्हणाले, एवढ्या लहान मुलाची अफू एकदम तोडली तर जिवाला धोका. होती तेवढी द्यायची आणि महिना-दीड महिन्यात थोडी थोडी उतरवत शून्यावर आणायची.

"मग तुमच्या दवाखान्यातून द्या."

"कशी देऊ? बारा वर्षांखाली औषध म्हणूनसुद्धा नाही. चौथं कलम."

मी विचारलं, आता अफू मिळते कुणाला? ते म्हणाले, "नोंदलेल्या व्यसनी माणसाला. असा एखादा माणूस आणा, मी दाखला देतो. त्याला मिळालेली तो कुणाला चाटवतो हे मी विचारणार नाही."

झुंबरबाई दोन जुन्या अफूबाजांकडे जाऊन आल्या. त्यांना स्वतःचीच पुरत नाही. मग मी झुंबरबाईंना म्हटलं, तुम्ही नाव नोंदवा. त्या ताठ झाल्या. "नऊ पोरं वाडवली, पन म्या कदी तोंडाला लावली न्हाई. चावडीवर आफूवाली म्हून माजं नाव लागलं तर धाकटीला कोन करंल?"

बरोबर आहे. तिसरं कलम.

२५ ऑगस्ट

ह्यांना सांगितलं. हे खाली बसले. मालधक्क्यावर उद्यापासून लोक काय बोलतील ते मला न सांगताही कळलं. मग उठले, इंदूला उचललं, तिचे थरथरणारे हात आपल्या मुठीत धरले आणि म्हणाले, "सकाळच्या गाडीनं तालुक्याला, वडगावला जाऊ. मी रजा टाकतो." वजनकाटा काढला नाही. ह्यांच्यावर इतकी वर्षं मी जे काही म्हटलं असेल ते परत घेते.

२६ ऑगस्ट

डॉक्टरांचा दाखला सोबत होता. 'मुलीच्या जन्मानंतरच्या दुखण्यापासून सवय.' वडगावच्या कचेरीतल्या कारकुनानं नाव विचारलं. सौ. मुक्ताबाई दत्तोबा पडवळ. कारकुनानं कागद माझ्यापुढे सरकवला. खाली दोन सह्या हव्या होत्या, एक अर्जदाराची आणि दुसरी, 'अर्जदार खरोखर व्यसनी आहे अशी माझी खात्री आहे' या वाक्याखाली मंडळाच्या चिटणिसाची. मी दोन्ही केल्या. कारकुनानं एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. म्हणाला, "अक्षर सुरेख आहे."

संध्याकाळी वलवणला झुंबरबाईंनी करंगळीवर मात्रा घेतली. मी दिवा धरला. बहिरूनं बोट चोखलं आणि तासाभरानं तो प्यायला लागला. हिरी समोर रडत होती. तिला वाटलं मी वडगावहून कुणा मोठ्या डॉक्टरचं औषध आणलं. मी तसंच म्हटलं.

३० ऑगस्ट

चावडीवर यादी लागली. शाळेच्या मास्तरांनी मोठ्यानं वाचून दाखवली. वलवणच्या यादीत स्त्रियांत मी एकटीच आहे. रतनबाईंचं पत्र आलं. माझ्या आजाराबद्दल त्यांना अतिशय सहानुभूती आहे, बिस्किटांचा डबा पाठवला आहे आणि चिटणिसाची वही येणाऱ्याच्या हाती द्यावी. वही दिली. पाळणाघर मागू नये एवढं कळवलं. ते कुणाला हवंही नव्हतं.

१४ सप्टेंबर

मात्रा निम्म्यावर आली. मुलं किरकिरतात, पण पितात. इंदू आज हसली.

हिरी मुद्दाम घरी आली होती. तिनं यादीतलं माझं नाव ऐकलं होतं. दारात बसली आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "लाज नगं धरू, बाई. माजा मामाबी व्हता. हळूहळू सुटतंय. तुमी माज्या पोरासाटी लय केलं." मग म्हणाली, वडगावला जाताना सोबत हवी असेल तर मी येईन.

तिला खरं सांगावं असं फार वाटलं. पण आत्ता सांगितलं तर ती बहिरूला उचलून वाडीवर नेईल आणि उरलेली मात्रा अर्धवट राहील. त्याच्या जिवाचा प्रश्न आहे. एकदा मात्रा संपली की त्याच दिवशी सांगणार.

१ ऑक्टोबर

काल शेवटची मात्रा दिली. आज दिवसभर सातही मुलं अधूनमधून रडली, खेळली, पुन्हा रडली. मला ते रडणं ऐकत बसावंसं वाटलं. झुंबरबाईंनी मात्र कानात कापूस घातला होता.

हिरीला सांगायचं राहिलं. तिच्याबरोबर दुसऱ्या बायका होत्या. असल्या गोष्टी चारचौघींत बोलायच्या नसतात.

५ ऑक्टोबर

हिरी भेटली, पण फार आनंदात होती. बहिरू बसायला लागला. अशा वेळी नको असं वाटलं. रविवारी निवांत बोलेन.

९ ऑक्टोबर

काल वडगावला माझं नाव यादीतून कमी झालं. सरकारच्या कागदावर लोणावळ्याच्या बाजूला अफू पूर्ण सुटलेली मी एकटीच. कारकून म्हणाला, "बाकीचे कुणी एक गुंजही कमी करायला तयार नाहीत. तुम्ही कमाल केली." खोटं बोलून मिळालेली शाबासकीही शाबासकीच वाटते, हे मला काल कळलं.

दुपारी हिरी आली. बहिरू कडेवर, तिचे केस ओढत होता. तिला आनंद झाला होता. "सुटली ना, बाई? लय तरास झाला का?"

झाला म्हटलं. मग तिनं विचारलं, कसा होतो तरास? आणि मी सांगत गेले. आधी जांभया येतात, पण झोप येत नाही. नाका-डोळ्यांतून पाणी. शिंका. पोट सुटतं. हात थरथरतात. अन्न तोंडाजवळ आणलं की मान फिरवावीशी वाटते. सहा आठवडे जे डोळ्यांनी पाहिलं होतं ते सगळं सांगितलं. इतकं मोकळं मी कित्येक दिवसांत बोलले नव्हते.

हिरी ऐकत होती. म्हणाली, "माज्या पोरालाबी आसंच झालतं."



तिनं बहिरूला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मग भिंतीवरचं वेळापत्रक, जे मी बेणणी संपून पाळणाघर मिटल्यावर चावडीतून काढून घरी आणून लावलं होतं, त्याच्याकडे बघत उभी राहिली. तिला वाचता येत नाही. तरी बराच वेळ बघत होती. माझ्याकडे मात्र तिनं पाहिलं नाही.

निघताना नेहमी "येते, बाई" म्हणते. आज "जाते" म्हणाली.

घाईत असेल, असं मी ह्यांना सांगितलं.  कापणी तोंडावर आली आहे, तेव्हा पाळणाघर पुन्हा उघडायचं आहे. आज मुलांची नवी यादी करायला बसले. पहिलं नाव बहिरूचं लिहिलं.